पर्यायी वनीकरणाची जागा कशी तपासावी

वनजमीन प्रकल्पासाठी वळवताना तेवढ्याच वनेतर जमिनीवर, किंवा काही प्रकरणांत दुप्पट अवनत (झाडोरा विरळ झालेल्या) वनक्षेत्रावर, पर्यायी वनीकरण करावे लागते. म्हणून प्रथम केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावरील मंजुरीपत्रातून अटी आणि गट क्रमांक टिपून घ्यावेत. सातबारा पडताळून पावसाळ्यात जागेवर जावे. खरी कसोटी तिथेच लागते: कोकणातील जांभ्याचा सडा, म्हणजे सपाट खडकाळ पठार, उन्हाळ्यात ओसाड दिसला, तरी पावसात त्यावर दवबिंदू आणि सीतेची आसवे या कीटकभक्षी वनस्पती उगवतात, आणि तिथे खड्डे खणून ऑस्ट्रेलियन बाभूळ लावणे म्हणजे भरपाईच्या नावाखाली दुसरा अधिवास मोडणे होय. माळरानाचेही तेच. असे आढळल्यास छायाचित्रांसह उपवनसंरक्षकांकडे लेखी हरकत नोंदवावी आणि 2016 च्या कायद्याखालील वनीकरण निधीच्या खर्चाचा तपशील माहितीच्या अधिकारात मागावा.