घसरणाऱ्या परकी चलनातील शिल्लक : निर्णय कसा घ्यावा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून परदेशी गेलेल्या पुष्कळांची कमाई आखाती चलनांत असते. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, सौदी रियाल ३.७५ ला, त्यामुळे पुढील विवेचन त्यांना फारसे लागू होत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत (ओतकाम कारखान्यात) किंवा मशीन शॉपमध्ये हात बसल्यावर नायजेरिया, इजिप्त, इथिओपिया अशा देशांतील कारखान्यांत ज्यांनी नोकरी धरली, पगाराचा काही भाग तिथल्याच चलनात घेतला आणि तो तिथल्याच बँकेत साठू दिला, त्यांच्यासाठी आणि इकडे त्यांचा व्यवहार सांभाळणाऱ्या घरच्या माणसांसाठी हे लिहीत आहे. आमच्या भागातील अशा अनेक कुटुंबांची कागदपत्रे मी हाताळत आलो आहे, आणि त्यांचे सर्वाधिक नुकसान चलनाच्या घसरणीइतकेच आजूबाजूच्यांच्या ‘थोडे थांबा’ या सल्ल्याने झालेले पाहिले आहे.

खात्याचे उतारे, नोकरीचा करार, पगारपत्रके, पासपोर्ट आणि पॅन हाताशी आहेत असे गृहीत धरतो.

सर्वांत आधी भर थांबवावी. जुन्या शिलकीचे काय करायचे हा विचार चालू असताना दरमहा नवी रक्कम त्याच चलनात पडत राहिली, तर निर्णय कितीही चांगला असला तरी तो अपुराच ठरतो. पगार डॉलरमध्ये ठरवून मिळेल का, किंवा त्याचा मोठा भाग थेट भारतातील खात्यात येईल का, हे मालकाला लेखी विचारावे. करार नव्याने करण्याची वेळ ही त्यासाठी योग्य वेळ असते.

त्यानंतर शिल्लक रुपयांत मांडावी, आणि तीही बँक प्रत्यक्ष ज्या दराने पैसे देईल त्याच दराने. नायजेरियात जून २०२३ पर्यंत अधिकृत दर डॉलरला सुमारे ४६५ नायरा होता. त्या महिन्यात तिथल्या मध्यवर्ती बँकेने वेगवेगळे दर एकत्र करून नायरा बाजारावर सोडला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो डॉलरला १,५०० च्या पलीकडे गेला. म्हणजे १० लाख नायरांची ठेव, जी कागदावर सुमारे १ लाख ७६ हजार रुपयांची होती, ती आठ-नऊ महिन्यांत जेमतेम ५५ हजारांची उरली. अर्थात आधीच्या त्या अधिकृत दराने सामान्य नोकरदाराला डॉलर क्वचितच मिळत असे, म्हणून १ लाख ७६ हजारांचा आकडाही पूर्णपणे खरा नव्हता. जो दर मिळत नाही, त्या दराने हिशेब करू नये.

आता घसरण कोणत्या जातीची आहे हे ओळखावे. जपानी येन २०२४ च्या मध्यास डॉलरला १६० पर्यंत उतरला, पण तो केव्हाही, हव्या तेवढ्या रकमेत बदलता येत होता. तिथले व्याजदर जवळजवळ शून्यावर आणि अमेरिकेतले बरेच वर, हे त्या घसरणीचे मुख्य कारण होते, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये येन १४० च्या आसपास सावरलाही. अशा चलनात घाई नको. रकमेचे तीन-चार भाग करून, तारखा आधीच ठरवून, त्या तारखांना बदलत जावे. मात्र जिथे डॉलरची टंचाई आहे, बँकेत अर्ज करून वाट पाहावी लागते आणि महागाई दरवर्षी २५-३० टक्क्यांच्या घरात आहे, तिथे हे भाग पाडणे घातक आहे. तिथे ज्या दिवशी बँक जेवढे डॉलर देईल, त्या दिवशी तेवढे घ्यावेत.

यापुढचा टप्पा सर्वांत अवघड आहे, आणि मला स्वतःलाही तो बराच काळ जड गेला आहे. तो म्हणजे जुना दर मनातून काढणे. माणूस शिलकीकडे आजच्या किमतीने पाहत नाही, ज्या दराने ती साठवली त्या दराने पाहतो, आणि ‘निदान मूळ भाव आला की काढू’ असे ठरवून बसतो. घरचेही हेच सांगतात, कारण १ लाख ७६ हजारांचे ५५ हजार झाले हे मान्य करणे म्हणजे रात्रपाळ्यांची मेहनत वाया गेली असे त्यांना वाटते. हे दुःख खरे आहे. पण ते धरून ठेवल्याने उरलेली रक्कम वाचत नाही.

मूळ भाव का येत नाही, हे नीट समजून घ्यावे. ज्या देशात वस्तूंचे भाव वर्षाला ३० टक्क्यांनी वाढतात, तिथे तेच चलन पूर्वीपेक्षा कमी वस्तू विकत घेते, आणि जे चलन स्वदेशातच कमी घेते, ते परदेशात जुन्या भावाने कोण घेणार? इजिप्तचा पौंड मार्च २०२२ पूर्वी डॉलरला सुमारे १५.७ होता, २०२३ च्या आरंभी ३० झाला आणि ६ मार्च २०२४ रोजी एका दिवसात ३१ वरून ५० च्या आसपास गेला. मधल्या प्रत्येक पायरीवर ‘आता याहून खाली जाणार नाही’ असे म्हणणारे भेटत होते. आपल्या रुपयाचेही तेच आहे. ६ जून १९६६ रोजी डॉलरचा दर ४.७६ वरून ७.५० रुपये करण्यात आला, तो ४.७६ चा दर त्यानंतर कोणालाही पुन्हा दिसला नाही.

म्हणून मी एकच प्रश्न विचारायला लावतो, आणि त्याचे उत्तर वहीत लिहायला सांगतो : हीच रक्कम आज रुपयांत तुमच्या हाती असती, तर तुम्ही बँकेत जाऊन तिचे नायरा विकत घेतले असते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर थांबण्याला कारण उरत नाही. ‘हो’ म्हणता येईल असा एकच सबळ आधार मला मान्य आहे : पुढील सहा महिन्यांत त्याच देशात, त्याच चलनात करायचा खर्च. घरभाडे, मुलांची फी, परतीचे तिकीट यांपुरती रक्कम तिथे ठेवावी, बाकी हलवावी.

तिथल्या ठेवीवर १८-२० टक्के व्याज मिळते, हा युक्तिवाद येथे हमखास येतो. २० टक्के व्याज मिळूनही वर्षभरात चलन रुपयाच्या तुलनेत १७ टक्के घसरले, तर मुद्दलालाच कात्री लागते. आणि इथल्या ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीशी तुलना केली, तर ११ टक्क्यांच्या घसरणीतच तो सौदा तोट्याचा होतो. व्याजदर मुळात इतका चढा असतो तो चलन पडण्याची भीती असते म्हणून.

पैसे हलवण्याचा मार्ग बँकेचाच असावा. नायजेरियात डॉलर ठेवण्यासाठी डॉमिसिलियरी खाते, म्हणजे तिथल्याच बँकेतील परकी चलनाचे खाते, उघडता येते. तिथे रक्कम डॉलरमध्ये आली की घसरण थांबली, मग इकडे पाठवायला आठवडा लागला तरी चालेल. हवालावाला बँकेपेक्षा चांगला दर सांगतो, हे मला माहीत आहे, आणि तरीही माझे उत्तर नाही असेच आहे. फेमा, म्हणजे परकी चलन व्यवस्थापनाच्या भारतीय कायद्यानुसार दंड रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो, आणि रोखीने आलेल्या त्या पैशांचा कागद नसल्यामुळे पुढे बेळगावात टिळकवाडीला फ्लॅट घेताना पैसा कुठून आला हे दाखवता येत नाही. नोटा सोबत आणणेही टाळावे : ५,००० डॉलरपेक्षा अधिक किमतीच्या परकी नोटा आणल्यास विमानतळावर कस्टमकडे घोषणा करावी लागते.

इकडे पैसे अनिवासी असतानाच एनआरई खात्यात, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या रुपया खात्यात, घ्यावेत. कायमचे परत आल्यावर ते खाते निवासी करून घ्यावे लागते. पुन्हा परदेशी जाण्याचा विचार असेल, तर आरएफसी खात्यात, म्हणजे परतलेल्यांसाठीच्या परकी चलन खात्यात, रक्कम डॉलरमध्ये ठेवता येते. परतल्यावर परदेशातील खाते ताबडतोब बंद करावेच लागते, अशी भीती काही जण घालतात आणि त्या घाईत माणूस मिळेल तो दर पत्करतो. परदेशात राहत असताना मिळवलेली रक्कम व खाते परतल्यानंतरही ठेवण्यास फेमाचे कलम ६(४) परवानगी देते.

आलेला पैसा कुठे ठेवावा हा स्वतंत्र विषय आहे, पण सीमाभागापुरत्या दोन गोष्टी ठामपणे सांगतो. सौहार्द संस्था, म्हणजे कर्नाटकातील सहकारी पतसंस्था, बँकेपेक्षा जास्त व्याज देतात, परंतु बँक ठेवींना असलेले ५ लाखांपर्यंतचे विम्याचे संरक्षण तिथे नसते. एका तोट्यातून वाचवलेली रक्कम सगळीच्या सगळी तिथे नेऊन ठेवू नये. आणि खानापूरकडे शेत घ्यायचे मनात असेल, तर लक्षात ठेवावे की अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळू शकते. घरच्यांच्या नावावर घेऊन ठेवू, पुढे बघू, या बोलण्यातून भाऊ-भाऊ कोर्टात गेलेले आहेत.

शेवटी आयकर. परतल्यावर सुरुवातीची काही वर्षे बहुधा ‘सामान्यतः निवासी नाही’ हा दर्जा मिळतो. तो संपला की परदेशी खाते विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवणे बंधनकारक होते, त्यात शिल्लक कितीही घसरलेली असो. न दाखवल्यास १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर मालमत्ता वगळता, एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्या दंडातून सूट मिळाली असली, तरी माहिती भरण्यातून सूट मिळालेली नाही. खाते बंद कराल तेव्हा बँकेकडून तसे पत्र आणि शेवटचा उतारा घ्यावा, आणि दोन्ही इकडच्या खात्यात रक्कम जमा झाल्याच्या पावतीबरोबर एकाच फायलीत लावावेत.