ड्रुपल: ‘चेक मॅन्युअली’ पूर्ण होतं, पण मॉड्यूलच्या अपडेट दिसतच नाहीत

लक्षण: ड्रुपल (वेबसाइट चालवणारी प्रणाली) वापरणाऱ्या साइटवर, रिपोर्ट्समधल्या ‘अव्हेलेबल अपडेट्स’ पानावर काही मॉड्यूलसमोर (साइटला जोडलेल्या सुविधांसमोर) ‘नो अव्हेलेबल रिलीजेस फाउंड’. ‘चेक मॅन्युअली’ दाबलं की तपासणी झाल्याचा संदेश येतो, यादी मात्र तशीच. सुरक्षा अपडेट आली तरी कळणार नाही, म्हणजे ‘अपडेट करा’ सांगणाऱ्या लाल रंगापेक्षा हे वाईट.

कॅशे साफ केली, क्रॉन (ठरावीक वेळाने आपोआप चालणारी कामं) हाताने चालवलं, काही फरक नाही. फायरवॉलवर संशय होता, पण सर्व्हरवरून कर्लने (आदेश देऊन फाइल उतरवणारं साधन) ड्रुपलची रिलीज-हिस्टरी, म्हणजे आवृत्त्यांची यादी, व्यवस्थित उतरत होती. वैताग आला.

कारण डेटाबेसमध्ये निघालं. प्रत्येक मॉड्यूलची तपासणी रांगेत टाकताना ड्रुपल ‘की_व्हॅल्यू’ टेबलात एक खूण ठेवतं आणि काम झालं की ती काढतं. रांगेतलं काम मध्येच हरवलं तर खूण राहून जाते. मग ‘काम रांगेत आहेच’ असं समजून ड्रुपल ते पुन्हा टाकतच नाही.

आधी डेटाबेसचा बॅकअप. मग ड्रशच्या (ड्रुपलला टर्मिनलवरून आदेश देणारं साधन) क्यू-डिलीट आदेशाने ‘अपडेट_फेच_टास्क्स’ ही रांग काढली. त्यानंतर ‘की_व्हॅल्यू’मधल्या, ‘कलेक्शन’ रकान्यात ‘अपडेट_फेच_टास्क’ असलेल्या ओळी डिलीट केल्या. (इथे शेवटी ‘स’ नाही! आणि ‘व्हेअर’ची अट विसरलात तर अख्खं टेबल जाईल.) शेवटी कॅशे रिबिल्ड आणि ‘चेक मॅन्युअली’. सगळ्या मॉड्यूलच्या आवृत्त्या लगेच दिसल्या.

त्याच पानाच्या सेटिंग्जमध्ये तपासणी ‘डेली’ करून ईमेल पत्ता भरला. ड्रुपलच्या सुरक्षा दुरुस्त्या सहसा बुधवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र असते. गुरुवारी सकाळी मेल बघायचा.