लिनक्समधून विंडोजच्या फाइल्स उघडायच्यात? आधी एवढं करून ठेवा

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर पहिलं काम विंडोजमध्येच आहे, लिनक्सकडे नंतर वळा. पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअपची (मशीन लवकर सुरू करायच्या सोयीची) टिक असते ती काढून टाका. विंडोज 8 पासून हे प्रकरण आलंय आणि घोळ असा की शट डाउन केलं तरी मशीन खऱ्या अर्थाने बंद होतच नाही, अर्धवट हायबरनेट होतं, आणि मग लिनक्समध्ये सी ड्राइव्ह दिसतो, फाइल उघडते, पण सेव्ह करायला गेलं की ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टम’. मी यापायी एक अख्खी संध्याकाळ सीएचमॉड (फाइलच्या परमिशन बदलायची लिनक्सची कमांड) चालवत बसलो होतो आणि परमिशनचा त्यात काडीचा संबंध नव्हता! गंमत म्हणजे रिस्टार्टला हा त्रास नाही, फक्त शट डाउनला आहे, त्यामुळे टिक काढायची नसेल तर निदान रिस्टार्ट मारून लिनक्समध्ये या.

बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्ह एन्क्रिप्ट करून कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे का तेही बघा, बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ते आपल्याला न विचारताच चालू असतं. त्याची 48 आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, त्याच ड्राइव्हवर फाइल करून ठेवाल तर कुलूप लावून चावी आत. लिनक्समध्ये ड्राइव्ह उघडताना हीच की टाकायची.

मधेच लाइट गेली वगैरे असेल तर विंडोजमध्ये जाऊन चेकडिस्क (डिस्क तपासायचं विंडोजचं टूल) चालवून घ्या, एनटीएफएसची (विंडोजच्या फाइल सिस्टमची) दुरुस्ती त्यालाच नीट जमते. एफएसटॅबमध्ये (बूट होताना कोणते ड्राइव्ह जोडायचे त्याची लिनक्सची यादी) एंट्री करणार असाल तर यूयूआयडी (पार्टिशनचा स्वतःचा ओळख क्रमांक) वापरा आणि नोफेल हा पर्याय लिहायला विसरू नका, नाहीतर ड्राइव्ह सापडला नाही की बूटच अडकतं. फाइलच्या नावात कोलन, प्रश्नचिन्ह नको, लिनक्सला चालतं पण विंडोजला नाही.

उलट्या बाजूने, म्हणजे विंडोजमधून लिनक्सच्या फाइल्स बघायच्या, त्याच्या नादी लागू नका असं माझं मत. विंडोजला ईएक्सटी4 (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टम) मुळात कळत नाही, त्या पार्टिशनला चुकून ड्राइव्ह लेटर मिळालं तर ‘आधी फॉरमॅट करा’ म्हणतं, तिथे गुपचूप कॅन्सल दाबायचं. डब्ल्यूएसएलने (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) ते माउंट करता येतं, म्हणजे जोडून उघडता येतं, पण अख्खी डिस्क द्यावी लागते, आणि विंडोज त्याच डिस्कवर असेल तर तेही नाही. त्यापेक्षा दोघांसाठी एक वेगळं एनटीएफएस पार्टिशन काढा, फॅट32 ही जुनी फाइल सिस्टम नको, 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात बसत नाही.