सायीचे लोणी: काढणे, धुणे आणि टिकवणे

लोणी येत नाही म्हणून मिक्सर आणखी पाच मिनिटे फिरवत ठेवला की बहुतेक वेळा काम आणखी बिघडते. लोणी निघणे हा जोराचा कमी आणि थंडाव्याचा जास्त प्रश्न आहे. दुधातली स्निग्धता बारीक थेंबांच्या रूपात असते आणि प्रत्येक थेंबाभोवती एक पातळ आवरण असते. घुसळताना ते आवरण फाटते. आतली चरबी अर्धी घट्ट, अर्धी मऊ असेल तरच हे थेंब एकमेकांना धरतात. साय फार गार असेल तर थेंब कडक राहतात, आपटतात आणि सुटतात. फार कोमट असेल तर चरबी वितळून ताकातच जिरते. साधारण 12 ते 14 अंश सेल्सिअस हा जमणारा पट्टा आहे. पुढचे बरेचसे बारकावे याच एका गोष्टीभोवती फिरतात.

साय धरणे

म्हशीच्या दुधात स्निग्धता साधारण 6 ते 8 टक्के, गाईच्या दुधात साडेतीन ते साडेचार. पिशवीवर ‘फुल क्रीम’ लिहिलेले असेल तर 6 टक्के, ‘टोन्ड’ असेल तर 3. टोन्ड दुधाच्या सायीवर लोण्याची आशा ठेवू नका. पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ हा शब्दही पाहा. अशा दुधातले थेंब यंत्राने इतके बारीक केलेले असतात की साय पातळ धरते आणि लोणीही कमी निघते. सुटे म्हशीचे दूध मिळत असेल तर त्याला तोड नाही.

दूध उतू जाण्याच्या बेतात आले की आच अगदी मंद करा आणि आणखी 7–8 मिनिटे तापू द्या. मग पातेल्यावर जाळी झाकून न हलवता निवू द्या. ताट झाकले तर वाफेचे पाणी सायीवर टपकते आणि ती फाटते. निवल्यावर पातेले फ्रीजमध्ये किमान 6 तास ठेवा. रात्रभर ठेवले तर साय जाड भाकरीसारखी अखंड उचलता येते. फ्रीजमध्ये ठेवण्याआधीच साय काढण्याची घाई केली तर निम्मी स्निग्धता दुधातच राहून जाते.

साय साठवायला स्टील, काच किंवा चिनीमातीचे भांडे घ्या. कल्हई उडालेले पितळ किंवा तांबे चालत नाही, कारण तांब्याचा अंश स्निग्धतेला लवकर खवट करतो.

डब्यात पहिली साय टाकतानाच तळाला चमचाभर ताजे, गोडसर दही घाला. हे दही सायीला किंचित आंबट ठेवते आणि थंडाव्यातही वाढून साय कडू करणाऱ्या जिवाणूंना अटकाव करते. नुसती साय फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सहा-सात दिवस ठीक राहते, दही घातलेली आठ-दहा दिवस. त्याहून जास्त दिवस जमवायची असेल तर डबा पहिल्या दिवसापासून फ्रीझरमध्ये ठेवा. सहा दिवस खाली ठेवून सातव्या दिवशी फ्रीझरमध्ये ढकललेल्या सायीचा कडवटपणा गोठवल्याने जात नाही.

रोज लिटरभर फुल क्रीम दूध येत असेल, तर आठवड्याच्या सायीतून साधारण 200 ते 250 ग्रॅम लोणी निघते. दूध कसे आहे आणि साय किती निगुतीने काढली, यावर हा आकडा बराच खालीवर होतो.

विरजण

साय न विरजताही लोणी निघते. ते गोडसर लागते, पण वास बेताचा असतो आणि टिकतेही कमी. विरजलेल्या सायीचे लोणी सहज सुटते आणि त्याला तो ओळखीचा आंबूस गंध येतो.

डबा फ्रीजमधून काढून साय खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंडीत डबा कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नको. अर्धा किलो सायीला दोन चहाचे चमचे दही घालून एकाच दिशेने हलक्या हाताने ढवळा. उन्हाळ्यात 6 ते 7 तास पुरतात, पुण्या-नाशिकच्या थंडीत 12 ते 14 तासही लागतात. साय घट्ट झाली, कडेने किंचित सुटली आणि वास अदमुऱ्या दह्यासारखा आला की लगेच फ्रीजमध्ये ठेवा. जास्त आंबली तर लोणी निघेल, पण कितीही धुतले तरी आंबट राहील. ते लोणी तुपालाच बरे.

फ्रीजमध्ये ती किमान 4 तास राहू द्या. ही पायरी गाळली की उन्हाळ्यात हमखास फसगत होते. वितळलेली चरबी पुन्हा घट्ट व्हायला वेळ लागतो, वरवर गार लागणाऱ्या सायीचे थेंब आतून मऊच असतात.

घुसळणे

फ्रीजमधली साय साधारण 4–5 अंशांवर असते, म्हणजे थेट घुसळायला फार गार. बाहेर काढून उन्हाळ्यात दहा मिनिटे, हिवाळ्यात अर्धा तास ठेवा. स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर चमच्यातून साय पडताना पाहा: ती आळसावून, तुटक तुटक पडली पाहिजे. गोळाच्या गोळा पडला तर फार गार, धार लागली तर फार कोमट.

मिक्सरचे भांडे निम्म्यापेक्षा जास्त भरू नका, साय उसळायला जागा लागते. ताक घुसळायचे बोथट पाते असेल तर तेच लावा. एका लिटरच्या भांड्यात 350 ते 400 ग्रॅम साय घ्या, आधी पाण्याशिवाय 20 सेकंद फिरवा. साय फुगून दाट होईल आणि मिक्सरचा आवाज जड होईल. आता पाऊण वाटी गार पाणी घाला. उन्हाळ्यात त्यात बर्फाचे दोन-तीन खडे असू द्या, हिवाळ्यात साधे नळाचे पाणी चालते. यापुढे सलग नको: दहा सेकंद चालू, पाच सेकंद बंद. मोटारीच्या आणि पात्याच्या उष्णतेने साय भराभर तापते, आणि हेच उन्हाळ्यात लोणी न येण्याचे नेहमीचे कारण.

थोड्या वेळाने आवाज एकदम बदलतो. जड घरघर जाऊन पाणी आपटल्यासारखा छपछप आवाज येतो. झाकणाच्या आतला दाट थर उतरतो आणि तिथे पातळ ताकाचे शिंतोडे दिसतात. झाकण उघडून पाहा: आधी मोहरीएवढे, मग ज्वारीएवढे कण तरंगताना दिसतील. ज्वारीएवढे झाले की थांबा. एकच मोठा गोळा होईपर्यंत फिरवण्याची हौस पुष्कळांना असते, पण त्या गोळ्याच्या पोटात ताक कोंडले जाते आणि मग ते धुऊन निघत नाही.

रवीने घुसळताना भांडे उंच आणि अरुंद घ्या. पसरट भांड्यात रवी नुसतीच गरगरते. साय दोन-तीन किलो असेल तर रवीच सोयीची, कारण मिक्सरमध्ये चार-पाच घाणे काढेपर्यंत उरलेली साय तापते.

आता न येण्याची कारणे. नुसता फेस येऊन साय फुगलेलीच राहिली तर ती फार गार आहे किंवा भांडे जास्त भरले आहे. थोडी साय काढून घ्या, अर्धी वाटी साधे पाणी घाला आणि पाच मिनिटे थांबून पुन्हा फिरवा. याउलट सगळे पातळ, पांढरेशुभ्र झाले आणि वर तेलकट तवंग आला तर साय तापली आहे. मिक्सर बंद करा, भांडे तसेच अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, मग बर्फाचे पाणी घालून थोडे थोडे फिरवा. लोणी आले, पण ताक दाट आणि मऊसर लागते आहे? मग चरबी ताकात गेली. ताक तासभर फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा घुसळले की त्यातून आणखी मुठीएवढे लोणी निघू शकते.

बाजारात मिळणारे 25 टक्क्यांचे डबाबंद ‘फ्रेश क्रीम’ यासाठी घेऊ नका. ते होमोजिनाइज्ड असते आणि फुटू नये म्हणून त्यात घट्टपणा टिकवणारे पदार्थ घातलेले असतात. लोणी फुटूनच निघते.

धुणे

लोणी किती दिवस टिकेल हे इथे ठरते, आणि नेमकी हीच पायरी उरकली जाते. लोण्यात राहिलेल्या ताकात दुधाची साखर आणि प्रथिने असतात. जिवाणू त्यांच्यावर वाढतात, चरबीवर नव्हे.

कण गाळणीवर काढून ताक निथळू द्या. मग ते पसरट भांड्यात घेऊन बुडतील इतके गार पाणी ओता, पळीने हळू हलवा, पाणी काढून टाका. पहिले पाणी दुधाळ येते, दुसरे धूसर. तिसरे किंवा चौथे पाणी इतके स्वच्छ हवे की तळाचे स्टील दिसले पाहिजे. पिण्याचे पाणीच वापरा. ते घुसळताना होते त्याहून एखाद-दोन अंश गार असू द्या; बर्फासारखे गार असेल तर लोणी कडक होऊन आतले ताक सुटत नाही.

शेवटचे पाणी टाकल्यावर कण एकत्र करून लाकडी उलथन्याने भांड्याच्या कडेला दाबा, दुमडा, पुन्हा दाबा. प्रत्येक दाबाला पाण्याचे थेंब बाहेर येतील, ते निथळून टाका. कापलेल्या बाजूवर पाण्याचे मणी दिसेनासे झाले की पुरे. डेअरीच्या लोण्यात पाणी 16 टक्क्यांच्या आत असते. घरी हाताने दाबलेल्यात 20–25 टक्के राहते आणि म्हणूनच ते लवकर बिघडते. फार मळले तर लोणी चिकट, मलमासारखे होते. हाताने मळायचे असेल तर आधी हात बर्फाच्या पाण्यात बुडवा.

मीठ घालायचे तर आत्ता: 100 ग्रॅमला दीड ते दोन ग्रॅम, म्हणजे चहाचा पाव चमचा किंवा किंचित जास्त. बारीक मीठ घ्या. जाड मीठ विरघळत नाही आणि खाताना खडा लागतो. मीठ मळून दहा मिनिटे ठेवले की आणखी पाणी सुटते, तेही काढून टाका. थालीपीठ-भाकरीबरोबर खायचे असेल तर बिनमिठाचेच चांगले, असे आमचे ठाम मत आहे.

ठेवणे

मुंबई-कोकणातल्या दमट हवेत बिनमिठाचे लोणी बाहेर ठेवू नका. ताटलीत वाढून उरलेलेही परत मूळ डब्यात घालू नये, त्यात पोळीचे कण आणि उष्टा हात गेलेला असतो.

चार-पाच दिवसांत संपणारे लोणी वाडग्यात गार पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवता येते. पाणी हवा अडवते, एवढेच त्याचे काम. ते रोज बदलले नाही तर तेच आंबते. आठवड्याभरासाठी ठेवायचे असेल तर पाणी नको: घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत लोणी दाबून भरा, मध्ये हवेचे कप्पे राहू देऊ नका, वर बटर पेपरचा तुकडा चिकटवा. बिनमिठाचे 7 ते 8 दिवस, मिठाचे दोन आठवडे. बरणी फ्रीजच्या दारात न ठेवता आत मागे ठेवा. लोणी वास पटकन धरते. शेजारी चिरलेला कांदा किंवा सोललेला लसूण असेल तर एका रात्रीत कळते. उजेडानेही ते खवट होते.

फ्रीझरमध्ये, उणे 18 अंशांच्या आसपास, तीन महिने चांगले राहते. 100–100 ग्रॅमच्या वड्या बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात घाला, वर तारीख लिहा. नुसती पातळ प्लॅस्टिकची पिशवी वास अडवत नाही. वापरायच्या आदल्या रात्री एक वडी खाली काढा. वितळताना थोडे पाणी सुटते, ते पुसून टाका आणि ती वडी पुन्हा गोठवू नका.

लसूण-कोथिंबीर घातलेले लोणी ही वेगळीच गोष्ट आहे. चरबीत बुडालेला कच्चा लसूण बाहेर ठेवणे धोक्याचे असते. ते फ्रीजमध्येच ठेवून तीन-चार दिवसांत संपवा, नाहीतर केल्या केल्या गोठवा.

वरचा थर पिवळसर होऊन जुन्या तेलासारखा वास आला तर लोणी खवट झाले. कढवून तूप केले तरी तो वास जात नाही. गुलाबी, हिरवे किंवा काळे ठिपके दिसले तर तेवढाच भाग खरवडून उरलेले वापरू नका, सगळे टाकून द्या. नुसता आंबूसपणा वाढला असेल तर मात्र घाबरायचे कारण नाही. दोनदा धुऊन मंद आचेवर कढवा. 100 ग्रॅम लोण्याचे साधारण 70 ते 75 ग्रॅम तूप उतरते.

राहिले ताक. पहिल्या पाण्याआधी निथळलेलेच घ्या, धुतलेले पाणी त्यात मिसळू नका. विरजलेल्या सायीचे ताक कढीला उत्तम. न विरजलेल्या सायीचे गोडे ताक पोळ्यांची कणीक भिजवायला वापरा. दोन्ही फ्रीजमध्ये दोन दिवस राहतात.