खांदा दुखतोय म्हणून आलेले काका

सर्जिकल ऑन्कॉलॉजीच्या, म्हणजे कर्करोगाच्या शस्त्रक्रियेच्या, एम.सीएच. या पदवीला नुकतेच लागलेल्यांसाठी हे लिहितोय.

पहिल्या वर्षी ओपीडीत एसटीतून निवृत्त झालेले एक काका आले. उजवा खांदा आठ महिने दुखत होता. फ्रोझन शोल्डर म्हणून शेक, मालिश, इंजेक्शनं सगळं झालं होतं. मी फाइल चाळत होतो. मॅडमनी मात्र आधी काकांचा हात हातात घेतला. अंगठा आणि तर्जनीमधलं मांस उतरलेलं, करंगळीला मुंग्या, उजवी पापणी किंचित खाली, बाहुली बारीक. "फुप्फुसाचा शेंडा बघ," एवढंच म्हणाल्या.

पॅनकोस्ट ट्यूमर, म्हणजे फुप्फुसाच्या शेंड्यावरचा कर्करोग, निघाला. फुप्फुसाच्या शंभर कर्करोगांत पाचसुद्धा असे नसतात. गाठ शेंड्याला असल्याने खोकला उशिरा येतो, आधी हाताच्या नसा दाबल्या जातात. आपल्याकडे शेंड्यावरची सावली टीबीच्या खात्यात जाण्याची भीती मोठी. श्वासनलिकेतून घालायची दुर्बीण (ब्रॉन्कोस्कोप) तिथवर सहसा पोचत नाही, म्हणून सीटीखाली सुईने तुकडा घ्या.

शस्त्रक्रिया लगेच नाही, आधी रेडिएशन असं सांगितल्यावर काकांच्या मुलाचा पहिला प्रश्न होता, "गाठ आत ठेवून थांबायचं कशाला?" मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. तुम्ही तयार ठेवा. १९६१ मध्ये शॉ आणि सहकाऱ्यांनी आधी रेडिएशन, मग शस्त्रक्रिया हा क्रम मांडला. पुढे अमेरिकेतल्या चाचणीत सिस्प्लॅटिन-इटोपोसाइड या केमोच्या औषधांच्या दोन सायकल्ससोबत ४५ ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक) रेडिएशन आणि त्यानंतर तीन ते पाच आठवड्यांनी शस्त्रक्रिया असा क्रम ठेवला. २००७ च्या निष्कर्षांत पाच वर्षं जगलेले ४४ टक्के होते, गाठ पूर्ण निघालेल्यांत ५४ टक्के. आधी गाठ आक्रसली की ती पूर्ण निघण्याची शक्यता वाढते, आणि सगळा खेळ तिथेच आहे. फार लांबवलं तर रेडिएशनने ऊती चिकटतात, म्हणून तारीख रेडिएशनवाल्यांसोबत पहिल्याच दिवशी ठरवा.

उपचार सुरू करण्याआधी मेंदूचा एमआरआय आणि मेडियास्टिनममधल्या (दोन फुप्फुसांमधल्या जागेतल्या) लसिका ग्रंथींची तपासणी चुकवू नका. तिथे आजार पोचला असेल तर बहुतेकदा शस्त्रक्रियेचा विचारच सोडावा लागतो. हाताच्या नसांचा एमआरआय रेडिओलॉजिस्टशेजारी बसून बघा, नुसता रिपोर्ट वाचून चालत नाही. आणि वेळ काढून शवविच्छेदनात पहिली बरगडी स्वतः सोडवून पाहा. हाताकडे जाणाऱ्या सबक्लेव्हियन रक्तवाहिन्या आणि नसा तिथे किती खेटून आहेत ते पुस्तकातून कळत नाही.

काकांच्या शस्त्रक्रियेत फुप्फुसाची वरची लोब (वरचा भाग), बरगड्या आणि मणक्यातून हाताकडे जाणारी टी१ ही नस एकसंध काढावी लागली. टी१ गेली तरी हात बराचसा चालतो. तिच्या वरची सी८ गेली तर पकडच जाते. काका आज सही करतात, पण शर्टाची बटणं डाव्या हाताने लावतात, आणि पापणी तशीच आहे. हे सगळं त्यांना आणि काकूंना आधीच सांगितलं होतं, कागदावर हाताचं चित्र काढून. संमतीपत्रावर सही घेण्याआधी तुम्हीही तेवढं करा.