ऑफिसचा लेआउट ठरवण्याआधी आठ दिवस वही घेऊन बसा

आमचं ऑफिस आधी पुण्यातल्या एरंडवण्यात एका जुन्या बंगल्यात होतं. आम्ही कारखान्यांना मशिनच्या भागांची ड्रॉइंग करून देतो. माणसं ३४. हॉलमध्ये ड्रॉइंगवाले, एका बेडरूममध्ये अकाउंट्स, दुसऱ्या बेडरूममध्ये परचेस, मागच्या व्हरांड्यात सेल्स. जागा अडचणीची होती, पण कुणाचं कुणामुळे अडत नव्हतं. मग बाणेरला नव्या इमारतीत गेलो. सरांनी कुठल्याशा परदेशी ऑफिसचे फोटो बघितले होते, त्यामुळे भिंती नकोतच असं ठरलं. लांबच लांब टेबलं आणि काचेच्या दोन केबिन. ॲडमिन माझ्याकडे, म्हणून उद्घाटनाचे पेढे मी वाटले आणि नंतरच्या तक्रारीही माझ्याचकडे आल्या.

आमचे सेल्सवाले ज्यांच्याशी बोलतात ती माणसं वर्कशॉपमध्ये, लेथ मशिनच्या शेजारी उभी असतात. तिकडून ओरडून बोलतात, म्हणून इकडूनही ओरडून. तो आवाज थेट ड्रॉइंगवाल्यांच्या कानात. महिन्याभरात सगळ्यांच्या कानांवर हेडफोन आले. आमचा सगळ्यात जुना ड्राफ्ट्समन सकाळी सातला यायला लागला. कारण विचारलं तर म्हणाला, "ताई, दहापर्यंत जेवढं होतं तेवढंच माझं दिवसाचं काम."

दुरुस्ती करायची ठरली तेव्हा मी इंटिरियरवाल्याला बोलावण्याआधी एक दोनशे पानी वही घेतली. आठ दिवस लिहिलं: कोण जागेवरून उठलं, कुणाकडे गेलं, फोन किती आणि केवढ्या आवाजात, कागद कुठून कुठे गेला. तुम्हालाही पहिलं काम हेच सांगेन. एकच दिवस बघून भागत नाही. भोसरीतल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्या दिवशी आमचे फोन निम्म्यावर येतात. गुरुवार बघून लेआउट ठरवलात तर शुक्रवारी पस्तावाल. महिनाअखेरीला अकाउंट्सचं रूप वेगळं, तेही एकदा बघून घ्या.

वहीतून निघालेलं चित्र सरांच्या कल्पनेपेक्षा फार वेगळं होतं. परचेसची मुलगी दिवसातून तेरा-चौदा वेळा अकाउंट्सकडे जात होती, आणि ही दोन टेबलं ऑफिसच्या दोन टोकांना होती. सेल्स आणि ड्रॉइंग "एकमेकांत मिसळावेत" म्हणून शेजारी बसवले होते, ते आठ दिवसांत मोजून पाच वेळा एकमेकांशी बोलले. बाकी सगळं ईमेलवर, तेही सहा फुटांवरून.

हे फक्त आमच्याकडेच झालं असं वाटत होतं. मग आमच्या आर्किटेक्टने सांगितलं की २०१८ साली हार्वर्डच्या दोन संशोधकांनी, बर्नस्टीन आणि टर्बन यांनी, मोकळ्या ऑफिसात गेलेल्या दोन कंपन्यांतल्या लोकांच्या गळ्यात सेन्सर घालून मोजलं होतं. समोरासमोरचं बोलणं साधारण ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. सगळ्यांच्या नजरेत बसलेला माणूस बोलायचं टाळतो, हे मला वहीनेच दाखवलं होतं, पण हार्वर्डचं नाव सांगितल्यावर सरांना लवकर पटलं.

आता जागेचा हिशेब. दलाल आकडा सांगतो तो सुपर बिल्ट-अप. जिना, लिफ्ट, लॉबीचा वाटा सगळा त्यात. आम्हाला ३,००० चौरस फूट सांगितलेल्या जागेत टेप लावली तर कार्पेट, म्हणजे आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, २,००० च्या आसपास भरली. टेप स्वतः लावा, आणि कॉलम कुठे येतात ते तेव्हाच कागदावर मांडा. एका माणसाचं टेबल ४ बाय २ फूट धरा. खुर्ची मागे सरकायला ३ फूट. मागून येणं-जाणं असेल तर साडेचार. मुख्य वाट ४ फूट, दार ३ फुटांपेक्षा अरुंद नको, व्हीलचेअर गेली पाहिजे. टेबल, खुर्ची आणि वाटेचा वाटा मिळून माणशी ३० चौरस फूट होतात. त्यात मीटिंगची खोली, पँट्री, सर्व्हर, कपाटं मिळवली की दुप्पट. माझ्या मते एकूण हिशेब माणशी ६० च्या खाली गेला की कोपरं लागायला लागतात. आमचं ५९ वर बसतं, आणि ते जाणवतं.

कागदावरचा प्लॅन मला कधीच कळत नाही, बहुतेकांना कळत नाही, फक्त सगळे माना डोलवतात. म्हणून एका रविवारी मी आणि आमच्या चहाच्या मावशींनी रिकाम्या फरशीवर खडूने सगळी टेबलं खऱ्या मापात आखली. मग मावशींना हातात ट्रे देऊन, वर बारा कप ठेवून, चालायला सांगितलं. तीन ठिकाणी त्या आडव्या होऊन गेल्या. एका ठिकाणी थांबल्या आणि म्हणाल्या, "इथं कुणी खुर्ची मागं घेतली की चहा त्याच्या डोक्यावर." ती रांग आम्ही तिथेच नऊ इंच सरकवली. खडूचा खर्च वीस रुपये. सुताराने टेबलं ठोकल्यावर हेच केलं असतं तर किती झाला असता, त्याचा विचारही नको.

आवाजासाठी आम्ही दोन उपाय केले, आणि पहिला फसला. सेल्सला वेगळी खोली दिली, जिप्समचं पार्टिशन घालून. आवाज जेमतेम कमी झाला. सुताराने पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंतच नेलं होतं. फॉल्स सीलिंगच्या वर सगळ्या ऑफिसभर पोकळी असते, आवाज वरून चढून पलीकडे उतरतो. पार्टिशन स्लॅबला टेकवून घ्या, दोन्ही बोर्डांच्या मधे रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) भरून घ्या, आणि दाराखालची फट बघा. कंत्राटात हे शब्द लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. काचेचं पार्टिशन दिसायला छान, आवाजाला साधारण. दुसरा उपाय म्हणून एक माणूस बसेल एवढ्या दोन फोन-खोल्या आम्ही केल्या. एकीत अजून पंख्याची सोय नाही, एप्रिलमध्ये तिथे कुणी दहा मिनिटांवर बोलत नाही. एका अर्थी बरंच आहे.

आता एक गोष्ट, जी कुठल्याच इंटिरियरवाल्याच्या ड्रॉइंगमध्ये मी पाहिली नाही: हेल्मेट. पुण्यात बराचसा स्टाफ दुचाकीवर येतो. आमच्याकडे २५ हेल्मेटं, आणि जून ते सप्टेंबर २५ ओले रेनकोट. जागा दिली नाही तर हेल्मेट टेबलावर, रेनकोट खुर्चीच्या पाठीवर, आणि फरशीवर पाणी, ज्यात मावशी ट्रे घेऊन चालणार. दाराजवळच दोन फूट खोल, आठ फूट लांब मांडणी ठेवा. वर हेल्मेटचे कप्पे, खाली रेनकोटचे हूक, त्याखाली पाणी साचायला पत्र्याचा ट्रे. रिसेप्शनचा सोफा एक खुर्चीने लहान झाला तरी चालेल.

डब्यांचंही तसंच. टेबलावर बसून जेवायला लावलं की दुपारभर लसणाच्या चटणीचा वास आणि कीबोर्डमध्ये शेंगदाण्याचं कूट. बारा जणांचं टेबल असलं तर चौतीस माणसं तीन पंगतींत जेवतात. डबे धुवायचं बेसिन आणि प्यायचं पाणी वेगळं ठेवा.

खिडक्या पश्चिमेच्या असतील तर फेब्रुवारीपासून दुपारी तीननंतर तिथे बसणाऱ्याचे हाल विचारू नका. स्क्रीन खिडकीला काटकोनात ठेवा, समोर नको आणि पाठीशीही नको. एसीचा झोत कुणाच्या मानेवर येतो ते सुरुवातीलाच बघा. पार्टिशनं आधी ठरवा, मग एसीची जागा. आमच्याकडे उलटं झालं. मोठ्या हॉलसाठी लावलेलं युनिट अकाउंट्सच्या खोलीत आलं आणि तिथल्या तिघी मेमध्ये शाल घेऊन बसल्या.

वास्तूचं काय ते पहिल्याच मीटिंगला विचारून घ्या. तुमचा विश्वास असो-नसो, मालकाचा असतो. आमच्या सरांनी वायरिंग पूर्ण झाल्यावर नैऋत्य मागितली.

आता आठवड्यातले दोन दिवस बरेच जण घरून काम करतात. त्यामुळे टेबलं कमी करायचा मोह होतो. सगळ्यात गर्दीच्या दिवशीचा आकडा धरा, सरासरी धरू नका. फिरती जागा सेल्सला चालते, कारण ते तसेही बाहेरच असतात. त्यांना कुलपाचा खण मात्र द्या. अकाउंट्सवाल्यांची जागा फिरती करू नका. त्यांच्या फायली, शिक्के, कॅल्क्युलेटर आणि ड्रॉवरमधला गणपती जागेवर लागतात.

आणि पहिले दोन महिने काहीही फरशीला ठोकू नका. इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक भिंतीवर दोन जादा पॉइंट काढून घ्या. आमचा प्रिंटर तीनदा हलला. आता तो पँट्रीच्या दाराशी आहे, आणि अडकलेला कागद काढण्यात मावशींचा हात कुणी धरू शकत नाही.