घाटमाथ्यावर देवगांडूळ कसं शोधावं

सह्याद्रीत सॅलॅमँडर, म्हणजे सरड्यासारखा दिसणारा शेपटीवाला उभयचर, शोधायला निघाला असाल तर तो इथे नाही. भारतात तो पाहायचा तर दार्जिलिंग-सिक्कीमकडे जावं लागतं. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीच्या डोंगरात त्याचा बिनपायाचा नातलग राहतो, तो म्हणजे देवगांडूळ. हा बेडकासारखाच उभयचर, पण मुक्काम मातीत. यातली एक जात, गेगेनिओफिस डॅनिएली, शेजारच्या आंबोलीतून २००३ साली शास्त्राला कळली.

माती वीतभर ओली झाल्यावरच निघा. पावसाळा संपला की ही जनावरं खोल जातात आणि मग नुसती खोदाई होते. ओढ्याकाठचा पालापाचोळा, कुजलेली ओंडकी, जांभ्याचे सुटे दगड, केळी-सुपारीच्या बुंध्याची भुसभुशीत माती आणि गोठ्यामागचा उकिरडा या जागा आधी बघा. उकिरड्याला नाक मुरडू नका, तिथे गांडुळं आणि किडे भरपूर, म्हणजे याचं खाणं तयार.

दगड उचलताना पलीकडची कड धरून आपल्याकडे कलंडवा. खाली फुरसं किंवा घोणस निघालीच तर मध्ये दगडाची आड राहते. बघून झालं की दगड त्याच खाचेत, त्याच बाजूने परत ठेवा. उलटा पडलेला दगड एका उन्हात वाळतो आणि खालचा ओलावा जातो. मातीत कुदळ नको, जनावर तुटतं. खुरप्याने १०–२० सेंमीपर्यंत थर हलके सोडवून हाताने चाळा. अंड्यांभोवती वेटोळं घातलेली मादी दिसली तर फोटोचा मोह सोडून लगेच माती लोटा.

ओळखताना गल्लत होते ती वाळ्याशी आणि खापरखवल्याशी. ते दोन्ही साप, अंगावर खवले, जीभ दुभंगलेली. देवगांडुळाचं अंग बुळबुळीत, वळ्यांचं, आणि डोळा व नाकपुडीच्या दरम्यान एक बारीक स्पर्शिका. गांडुळाला जबडा नसतो, याला असतो. लोक साप म्हणून ठेचतात, पण हे विषारी दात मारणारं जनावर नव्हे. जात ठरवायला वळ्या मोजाव्या लागतात. म्हणून ओली माती घातलेल्या पारदर्शक डब्यात, शेजारी पट्टी ठेवून, डोकं, बाजू आणि शेपटाकडचं टोक यांचे स्पष्ट फोटो घ्या. हात ओले असावेत. डासांचं मलम लावलेला हात अजिबात नको, कातडी सगळं शोषून घेते. एका ओढ्यावरून दुसऱ्याकडे जाताना बूट घासून, ब्लीचच्या पाण्यात बुडवून, वाळवा. उभयचरांना मारणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटात नोंदली गेली आहे.

अभयारण्यात वन्यजीव विभागाची लेखी परवानगी लागते, खुरपं चालवायचं तर नक्कीच.

धोका मुख्यतः मातीलाच आहे. बॉक्साइटच्या खाणीत वरचा थर पुरता निघून जातो आणि नंतर झाडं लावली तरी ती भुसभुशीत, ओली माती तयार व्हायला काळ जातो. वणव्याने पाचोळा जळतो, तणनाशकाने बांध उघडे पडतात, घाटरस्त्यावर पावसाळी रात्री ही जनावरं गाड्यांखाली चिरडतात. शेतकऱ्याला एवढंच सांगता येईल: खत उपसताना उकिरड्याच्या तळाचा ओला थर आणि कडेचा पाचोळा राहू द्या.